पुढच्याच्या आडोशाला

त्या सकाळी मी केळी आणायला गेले होते. पेट्रोल पंपावरच्या नळाला नळी लावून गाडीची पाण्याची टाकी भरत ठेवली आणि समोरच्या दुकानातून केळ्यांचे घड उचलून आणले. सायकलवाल्यांना केळी फार लागतात. दुकानदारानं विचारलं, "काय बाई, माकडं पाळलीत का?" मी म्हटलं, "हो, पण सायकल चालवणारी." तो हसला, मीही हसले. पण थांबा, पुढचं सांगण्याआधी तुम्ही तो दिवा जरा अलीकडे ओढा, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. समोर चेहरा असला की मला बोलायला धीर येतो.

मी शाळेची बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि घरात बसून भिंतींशी भांडायची वेळ आली. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आणि त्याची सायकलवाली मंडळी डोंगरांपलीकडच्या समुद्रापर्यंत जायला निघाली. सोबतीला गाडी हवी होती, ती चालवायला मी आपणहून गेले. गाडी म्हणजे मोटरहोम. आत बिछाने, छोटा ओटा, न्हाणीघर, सगळं. पाठीवर घर घेऊन हळूहळू चालायचं म्हणून मंडळींनी तिला 'कासव' म्हणायला सुरुवात केली. माझं काम सोपं होतं. पुढे जायचं, मोकळी जागा बघून थांबायचं, चहा टाकायचा आणि मंडळी येऊन टेकली की त्यांची कुरकुर ऐकायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौस फेडून आलेल्यांचे गुडघे चोळायला कोणीतरी लागतंच.

मंडळीही फार नव्हती. म्होरक्या होते एक खेळाचे मास्तर, त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. एक दातांची डॉक्टर होती, तिला बोलायला फार आवडायचं आणि दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून तिला तशी सवयही लागली होती, की समोरचा उत्तर देणार नाही. दोघं साडू होते, ते बायकांच्या तक्रारी करण्यात एकमेकांना साथ द्यायचे. आणि माझा भाऊ. पन्नाशी उलटली तरी मला तो छोट्याच.

छोट्याला वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण एका अटीवर. धाप लागेपर्यंत जोर करायचा नाही, आणि वाऱ्याच्या तोंडावर तर मुळीच जायचं नाही. निघताना भावजय गाडीच्या दाराशी आली. म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर सोडतेय. जसा नेताय तसा परत आणा." ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता माझा हात धरून ठेवला होता. त्या दिवसापासून माझं ध्यान रस्त्यावर कमी आणि आरशातल्या त्याच्या हिरव्या जर्सीवर जास्त.

आता हे वाऱ्याचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. ही मंडळी एकामागे एक, अगदी चाकाला चाक लावून रांगेत चालवतात. सगळा वारा पुढचा अंगावर घेतो आणि मागचे त्याच्या आडोशानं जातात. मागच्यांची निम्मी मेहनत वाचते. पुढचा दमला की तो कोपर हलवतो, बाजूला होतो आणि हळूहळू रांगेच्या शेपटाला जाऊन लागतो. मग दुसऱ्याची पाळी. कोपर हललं की पुढे व्हायचं, कुरकुर करायची नाही, हा त्यांचा रिवाज. दुसरा रिवाज असा की पुढच्यानं कधी अचानक थांबायचं नाही, नाहीतर मागचे सगळे त्याच्यावर आपटतात. आणि मागच्यानं मान वर करून इकडेतिकडे बघायचं नाही, नजर फक्त पुढच्या चाकावर. छोट्याला पाळी माफ होती. तो मधे कुठेतरी असायचा, सगळ्यांच्या कुशीत असल्यासारखा. कप्तान म्हणायचे, "तुमचा भाऊ म्हणजे आमचा जावई."

तर त्या दिवशी पठार चढायचं होतं. चढ सगळ्यांनी दमानं काढला. माथ्यावर पोचलो तर तिथे ढग उतरलेला. धुकं असतं तेव्हा वारा नसतो अशी माझी समजूत होती, पण तिथे दोन्ही होतं. ढगाचे लोटच्या लोट समोरून येत होते आणि गाडीच्या काचेवर ओल्या फडक्यासारखे आपटत होते. ओल्या राखेचा वास येत होता. आसपास घर नाही, झाड नाही, गुरं नाहीत. मी खिडकीतून कप्तानांना म्हटलं, "सगळ्यांना गाडीत घेते, पठार ओलांडू."

"गाडीत बसून समुद्र बघायचा असता तर सायकली कशाला आणल्या?" ते म्हणाले. "रांग घट्ट ठेवतो. तुम्ही पुढे व्हा. पठार संपतं तिथे थांबा."

छोट्यानं मला अंगठा दाखवला. त्याच्या भुवयांवर पाण्याचे थेंब बसले होते. मी पुढे गेले.

पठार संपतं तिथे रस्त्याच्या कडेला दगडी बांध होता. मी गाडी लावली, चहा टाकला आणि बाहेर उभी राहिले. उभं राहवत नव्हतं इतका वारा. म्हटलं, अशा वाऱ्यात यांना यायला दुपार होईल. केळी सोलायलाही मी घेतली नव्हती, तेवढ्यात चेनची करकर ऐकू आली आणि ढगातून मंडळी बाहेर आली. फार लवकर आली. आणि दमलेली नव्हती. साडू तर गप्पा मारत उतरले. डॉक्टरीण म्हणाली, "काय मस्त रस्ता होता हो. वारा लागलाच नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती हे बोलत होती आणि तिच्या हातातला कागदी कप वाऱ्यानं उडून बांधापलीकडे गेला.

फक्त छोट्या उतरला नव्हता. सगळ्यांत पुढे तो होता. एक पाय जमिनीला टेकवून, हँडलवर वाकून. चेहरा राखेसारखा.

"तू पुढे कसा?" कप्तानांनी दरडावलं. "तुला पुढे कोणी सोडलं?"

"शेवटी थोडा वेळच... पाळी आली."

"कोणी दिली पाळी? डॉक्टर, तुम्ही होतात ना पुढे?"

"मी? मी तर याच्या मागे होते. मला वाटलं तुम्हीच पुढे आहात."

"मी शेवटी होतो. मला वाटलं साडू आहेत."

साडूंनी एकमेकांकडे बघितलं. ते दोघं डॉक्टरणीच्या मागे होते, आणि पठारभर त्यांची पाळी आलीच नव्हती. कोणाचीच आली नव्हती. नजर पुढच्या चाकावर ठेवायची शिस्त, ती सगळ्यांनी पाळली. पुढे कोणीतरी आपलंच आहे असं प्रत्येक जण धरून चालला होता.

"छोट्या," मी म्हटलं, "तुझ्या पुढे कोण होतं?"

त्यानं हँडलवरचं डोकं उचललं. मग म्हणाला, "मी फक्त चाक बघत होतो, ताई. चांगलं एकसारखं चाललं होतं. इतका छान आडोसा मला आजवर कोणी दिला नाही... मग त्यानं कोपर हलवलं."

"आणि?"

"आणि तो बाजूला झाला. मी पुढे झालो. नाही कसं म्हणणार?"

"बाजूला होऊन मागे गेला असेल तर आम्हाला दिसला असता," डॉक्टरीण म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पण खरं सांगू... त्यानंतर मला याच्या चाकाजवळ जाता येत नव्हतं. मधे फट होती, एका सायकलीएवढी. मी जोर केला तरी ती भरेना. जागाच नव्हती..."

कप्तानांनी विषय तिथेच मोडला. थंडीनं डोकी बधिर झालीत म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला. मी छोट्याला आत बिछान्यावर बसवलं, अंगावर कोरडं फडकं टाकलं. म्हटलं, "आज तू गाडीत बस." तो हो म्हणाला. लहानपणीसुद्धा तो मला नाही म्हणायचा नाही, हो म्हणून हवं ते करायचा. मी ओट्यावरचे कप विसळले आणि वळले, तर बिछाना रिकामा. बाहेर हिरवी जर्सी उताराला लागली होती.

पठार उतरलं की ढग संपला. खाली लख्ख ऊन होतं. रस्ता घसरगुंडीसारखा उतरत होता आणि वारा म्हणाल तर कडेचं गवतसुद्धा हलत नव्हतं. अशा उताराला सायकलवाले पाय सोडून देतात. बाकीचे तसेच निवांत उतरत होते. एकटा छोट्या सगळ्यांत पुढे, उभ्यानं पॅडल मारत होता, खांदे उचलून, पाठ वाकवून, सरळसोट कडा चढावा तसा. उतारावर, वारा नसताना.

कप्तान ओरडले. तो थांबेना. मग ते त्याला मागे टाकायला निघाले. माणूस ताकदीचा, आयुष्यभर पोरांना पळवलेला. छोट्याच्या बरोबरीला येईपर्यंत ठीक होता, आणि मग एकदम कोणी थोबाडीत मारावी तशी त्याची सायकल आडवी सरकली. कसाबसा सावरला. डॉक्टरणीनं प्रयत्न केला, तिचंही तेच. ती रस्त्याच्या कडेला उतरून उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझी गाडी जवळ आल्यावर म्हणाली, "ताई, तिथे वारा आहे. फक्त तिथे आहे..."

मी सगळ्यांना तिथेच सोडलं आणि त्याच्या मागे निघाले. बसमध्ये एखादं पोर खिडकीबाहेर लोंबायला लागलं की मी जशी आरशावरची नजर काढायचे नाही, तशी आता त्याच्या पाठीवरून काढली नाही. मी कासवाला त्याच्या बाजूला घेतलं आणि खिडकीची काच खाली केली.

"छोट्या, थांब."

"थांबता येत नाही, ताई." एकेक शब्द वेगळा काढून बोलत होता. "मागे आहे तो. थांबलो तर आपटेल."

मी आरशात बघितलं. मागे रस्ता होता. ऊन होतं.

"मग कोपर हलव आणि बाजूला हो. त्याची पाळी त्याला घेऊ दे."

"केव्हाचा हलवतोय." खरंच हलवत होता. उजवं कोपर, पुन्हा पुन्हा, दुखरा पंख असावा तसं. "तो पुढे येतच नाही. त्याला आता फक्त आडोसा हवाय."

त्याचे ओठ निळे पडले होते. मला भावजयीचा हात आठवला. आपल्याला कधी कधी वाटतं की संकटात डोकं चालेनासं होतं. माझं उलट झालं. मला एकदम सगळं स्वच्छ कळलं. कोणीतरी पुढे व्हायला हवं होतं. सायकलवाल्यांना ते जमत नव्हतं, पण माझ्याकडे इंजिन होतं. भीती वाटली का, असं विचाराल तर वाटली. पण तो मरेल याच्या भीतीपुढे ती फारच किरकोळ होती.

मी गिअर खाली टाकला आणि पाय दाबला. बरोबरीला होते तोवर कासव नुसतं थरथरत होतं. पुढे सरकायला लागले तशी गाडी अशी कण्हली की कपाटातली भांडी बाहेर येऊन पडली. चढाला लागल्यासारखी उतारावर दमली. खिडक्या बंद करून घेतल्या तरी आत वारा शिरला. ओल्या राखेचा वास आला. मी स्टिअरिंगला छाती लावली आणि लहानपणी त्याला शाळेत नेताना म्हणायचे तेच मोठ्यानं म्हणत राहिले, "माझ्या मागे ये रे, माझ्या मागे ये."

मग आरशात हिरवी जर्सी दिसली. बरोबर माझ्या मागे. छोट्या सीटवर बसला होता, पाय सैल सोडून, आणि तोंड उघडून श्वास घेत होता. गाडीच्या मागे अगदी चिकटून नाही. एका सायकलीएवढी जागा सोडून.

मी फार हळू, फार सावकाश गाडी थांबवली. तोही थांबला. दवाखान्यात नेलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, माणूस नुसता दमलाय. समुद्र कोणीच बघितला नाही. सहल तिथेच मोडली आणि मी त्याला घरी नेऊन भावजयीच्या हवाली केला. जसा नेला होता तसा. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती बिचारी खूश झाली.

मला मात्र वारा लागायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, वय झालं. घरातून भाजीच्या दुकानापर्यंत जायला मधे टेकावं लागायचं. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी गॅस पेटवताना काडी विझायची. कोणी मागे चालत असलं की त्याला फार हलकं वाटायचं. शेजारीण एकदा म्हणालीही, "तुमच्या मागून चालताना कसं बरं वाटतं हो." मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार, उगाच हात दाखवून अवलक्षण. छोट्याशी फोनवर बोलायचे. तो बरा होत होता, जिने चढत होता, नातवाला खांद्यावर घेत होता. मला तेवढं पुरेसं होतं. मी त्याला भेटायचं मात्र टाळलं, कारण मला बघून त्याला कळलं असतं.

पण भावजय ऐकेना. म्हणाली, आला नाहीत तर मीच येते आणि तुमच्याकडे मुक्काम ठोकते. शेवटी एका दुपारी गेले. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि छोट्या मला घ्यायला खाली आला होता. गाल भरले होते. मी त्याला म्हटलं, "तू माझ्या मागून ये." तो हो म्हणाला.

तो जिना चारी बाजूंनी बंद आहे. खिडकी नाही, झरोका नाही, कोंदट दिव्याचा उजेड. मी पुढे, तो मागे. प्रत्येक पायरीला छातीवर कोणी हात ठेवून ढकलत होतं. मधल्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला टेकले. बस, एवढंच केलं. दम घ्यायला बाजूला झाले.

छोट्या माझ्याजवळ थांबला. माझ्या हातातली पिशवी त्यानं काढून घेतली.

"मला तेव्हाच कळलं होतं, ताई," तो म्हणाला. "इतके महिने तू... माझ्यासाठी."

"छोट्या, मागे राहा. सांगते तेवढं ऐक."

"हो," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

वारा थांबला. मी तुम्हाला काय सांगू, किती बरं वाटलं. छाती मोकळी झाली, पाय हलके झाले. त्या क्षणी मला माझा भाऊ आठवला नाही, त्याची बायको आठवली नाही, नुसतं बरं वाटलं. मग भानावर आले आणि त्याला गाठायला धावले. भराभर चढले, तरणी असल्यासारखी. त्याच्याच्यानं एकेक पायरी निघत नव्हती, दोन्ही हातांनी कठडा धरून तो स्वतःला वर ओढत होता. तरी मला त्याच्या जवळ जाता येईना. आमच्यामधल्या पायरीवर माझा पाय टेकायचाच नाही.

वरचं दार उघडं होतं. भावजय दारात उभी होती, हसत. माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे वा, ताई, एवढे जिने चढूनही दम नाही लागला तुम्हाला."

छोट्या उंबऱ्याशी पोचला. त्याचा सदरा छातीला घट्ट चिकटला होता आणि पाठीवर फुगला होता. त्यानं बायकोला हातानं हळूच आत सारलं आणि दार धरून बाजूला उभा राहिला. मी अजून खालीच होते. तो माझी वाट बघतोय असं मला वाटलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. कोणी पाहुणा आत जाईपर्यंत आपण दार धरून थांबतो ना, तेवढा वेळ तो थांबला.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हं ताई, आता तू ये."